सात नंबरची काळी ओळ

"गेलं! परत गेलं!"

आईच्या खोलीतून आवाज आला आणि टिकलीने केबिनच्या दाराकडे पाहिलं. गेलं म्हणजे नेट गेलं. आणि नेट गेलं, की केंद्राचे प्रमुखकाका केबिनमधून तरातरा बाहेर येणार आणि आधी राउटरकडे न बघता या तिघांकडे बघणार, हे आता ठरून गेलं होतं.

झालंही तसंच. प्रमुखकाका आले. गळ्यातल्या पट्ट्याचं ओळखपत्र पाठीवर गेलं होतं आणि फोन कानाला होता.

"कोण गेम खेळतंय? खरं सांगा!"

"कुणीच नाही, काका!" टिकली उठून उभी राहिली. "टॅब सकाळीच तुम्ही तुमच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलात."

"मग दुसरं काहीतरी करत असाल! सुट्टी लागली, तुम्ही इथे यायला लागलात आणि तेव्हापासून हे सुरू झालं. इतकी वर्षं कधी झालं नव्हतं!"

टिकलीचा धाकटा भाऊ ढब्बू टेबलाखाली सरकला. मामेभाऊ भुवया तेवढा शांत होता, कारण प्रमुखकाका काय ओरडतायत हे त्याला ऐकूच येत नव्हतं. पण त्यांचा चेहरा दिसत होता. त्याने दोन्ही भुवया वर चढवल्या आणि बोटांनी विचारलं, "आज किती डिग्री?"

"उकळलेत," टिकलीने हातांनीच उत्तर दिलं.

भुवयाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याच्या बाबांना, म्हणजे टिकलीच्या मामालाही नाही. आई मामासोबत वाढली, त्यामुळे हातांची भाषा तिला पाटीपेन्सिलीच्या आधी आली. आता तेच तिचं काम होतं. या दुभाषी केंद्रात छोट्या छोट्या खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक कॅमेरा, एक पडदा आणि मागे निळं कापड. पलीकडे कुठल्या तरी दवाखान्यात, बँकेत किंवा कोर्टात ऐकू न येणारं माणूस बसलेलं असायचं. डॉक्टर बोलले, की आई ते हातांनी दाखवायची. त्या माणसाने हातांनी सांगितलं, की आई ते तोंडाने बोलायची. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला कणीक मळायलाही हात उचलवत नसे.

घरी मुलांना सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सुट्टीभर तिघांची रवानगी इथे झाली होती. स्वागतकक्षातली ताई रजेवर होती. तिच्या रिकाम्या टेबलामागे बसायचं आणि आवाज करायचा नाही! भिंतीवर पाटीच होती, 'खोल्यांत बोलणे चालू आहे. शांतता राखा.' पंखा फिरत होता, पण वारा कुठे जात होता कोण जाणे. टिकलीला वाटे, ही सुट्टी नाही, उठाबशांची शिक्षा आहे. फरक इतकाच, की उठाबशा कधीतरी संपतात.

प्रमुखकाकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर वाकले. राउटरचं पान तिथेच उघडं असायचं. केबिनमधून धावत यावं लागलं, तरी राउटर इथल्याच भिंतीवर होता, म्हणून ही सोय.

"साहेब, लाल ओळी आल्या असतील ना?" फोनमधून नेटवाल्याचा जांभईभरला आवाज आला. "त्या वाचत बसू नका. 'क्लिअर' दाबा आणि रिस्टार्ट मारा. मशीन आहे, कुरकुर करणारच!"

काकांनी 'क्लिअर' दाबलं. पडद्यावरच्या सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. मग रिस्टार्ट. थोड्या वेळाने नेट आलं.

"बघा, झालं!" नेटवाला म्हणाला.

"झालं कसलं, डोंबल!" टेबलाखालून ढब्बू पुटपुटला. "उद्या परत जाईल."

आई बाहेर आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होती. चेहरा पार उतरला होता.

"काय झालं गं?" टिकलीने विचारलं.

"शिवणकाम करणारी एक बाई आहे. ऐकू येत नाही तिला. मनगटात गाठ झालीय, ती काढायचीय. साधं ऑपरेशन आहे. डॉक्टर समजावून सांगत होते, मी दाखवत होते. आधी हात दाखवला, मग 'कापणार' असं दाखवलं, आणि 'फक्त गाठ' म्हणणार, तेवढ्यात चित्र गोठलं!"

टिकलीने आईच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे तिला वाटलं..."

"हात कापणार, असं वाटलं. दवाखान्यातून फोन आलाय, ती बाहेरच्या बाकावर बसून रडतेय. आत यायला तयार नाही. लिहून दाखवलं, पण तिला वाचायला फारसं येत नाही आणि आता ती कुणाचं ऐकायलाच तयार नाही. तिची दोन बोटंसुद्धा गेली, तर शिवणार कशाने आणि बोलणार कशाने?" आईने डोळे मिटून घेतले. "चार वाजता परत जोडायचंय. डॉक्टर बाहेरगावचे आहेत, संध्याकाळी निघून जातील. चारला परत नेट गेलं ना, तर ती उठून घरीच जाईल."

"आई, तू बस जरा."

"बसले तर उठणार नाही मी," आई म्हणाली आणि पुढच्या कॉलसाठी खोलीत गेली.

टिकलीने भुवयाला सगळं हातांनी सांगितलं. 'कापणार' ही खूण करताना तिचेच हात अडखळले. भुवयाने स्वतःचं मनगट चाचपलं. मग हातांनी म्हणाला, "आपण वाचूया."

"काय?"

"त्या ओळी. मोठी माणसं पुसतात. आपण वाचूया. पुढच्या वेळी लाल झालं, की काकांच्या आधी वाचायचं."

"आणि कळलं नाही तर?" ढब्बू बाहेर आला. त्याला हातांची भाषा येत होती, पण त्याचे हात अजून बोबडे होते.

"नाही कळलं तर आहोतच ढ," टिकली म्हणाली. "नाहीतरी इथे बसून माश्याच मारतोय."

फार वाट बघावी लागली नाही. जेवणानंतर पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. लाल, लाल, लाल!

"कनेक्शन टाइम्ड आउट... अनरीचेबल... सेशन लॉस्ट..." टिकली अक्षरं लावत वाचू लागली. "म्हणजे वेळ संपली, पोचता येत नाही, बोलणं तुटलं. अरे, हे तर आपल्याला माहीतच आहे!"

"हे म्हणजे पडल्यावर 'पडलो, पडलो' म्हणणं झालं!" ढब्बू म्हणाला. "कशाला अडकून पडला ते कुठे सांगतोय?"

कधी कधी या ढब्बूच्या तोंडून असं काही निघायचं, की त्याचं त्यालाच कळायचं नाही.

"वर सरकव! पहिली ओळ बघू, सगळ्यात आधी आलेली!" टिकलीने भुवयाला हातांनी सांगितलं.

भुवयाने पान वर सरकवलं. लाल ओळींच्या ढिगाच्या वर एक लाल ओळ वेगळी होती. 'डुप्लिकेट अ‍ॅड्रेस डिटेक्टेड.' शेवटी वायर खोचायच्या भोकाचा आकडा होता, 'पोर्ट सात'. आणि तिच्याही वर एक ओळ साध्या काळ्या अक्षरांत होती. 'पोर्ट सात. लिंक अप.'

"लिंक अप म्हणजे जोडणी झाली. ही तर चांगली बातमी आहे," टिकली म्हणाली. "म्हणून लाल नाही. आणि म्हणून कुणी वाचतही नसणार."

भुवयाने हातांनी दोन घरं उभी केली. दोन्हींच्या दारावर बोटाने तोच आकडा लिहिला. मग तो पोस्टमन झाला. पत्र घेऊन एका दाराशी गेला, डोकं खाजवलं, दुसऱ्या दाराशी गेला, परत फिरला, घाम पुसला आणि शेवटी पत्र फेकून देऊन रस्त्यातच बसला!

ढब्बूला हसू आवरेना. टिकलीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण तिलाही सगळं लख्ख कळलं होतं. डुप्लिकेट अ‍ॅड्रेस, एकाच पत्त्यावर दोघं! सगळ्या खोल्या राउटरचा पत्ता शोधत होत्या आणि "मीच राउटर" म्हणणारे दोन जण होते. आईचा निरोप कधी खऱ्याकडे जायचा, कधी तोतयाकडे. आणि तो तोतया सात नंबरच्या भोकातून आत यायचा.

तेवढ्यात प्रमुखकाका आलेच. टिकलीने सांगायला तोंड उघडलं, "काका, सात नंबरला कुणीतरी..."

"सात नंबरला काहीही नाही! बाजूला हो!" क्लिअर. रिस्टार्ट.

"पण काका, पहिली ओळ..."

"हे बघ बाळा, मी दमलोय. वरून मला विचारतायत, की केंद्र नीट चालत नसेल तर बंद का करू नये. मला तुमची कोडी नकोत. आणि एक सांगून ठेवतो, एकाही वायरीला हात लावलात तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!"

ते गेले. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. टिकलीला त्यांचा राग आला होता, पण ती भिजलेली पाठ बघून तो पुरता टिकला नाही.

"हात नाही लावायचा," ती हातांनी म्हणाली. "डोळे तर लावता येतील!"

राउटरची पेटी मार्गिकेच्या तोंडाशी, स्वागतकक्षाच्या भिंतीवरच होती. तिच्या जाळीच्या दारातून आत सगळं दिसत होतं. बाकीच्या वायरी निळ्या, नव्याकोऱ्या. सात नंबरची मात्र करडी, मळकी. ती पेटीच्या वरून निघून छताजवळच्या पांढऱ्या पट्टीत शिरत होती. तिघं मान वर करून पट्टीखालून चालत निघाले. काचेचं दार, मग लांब मार्गिका, मग आईच्या रांगेतल्या खोल्या, आणि अगदी शेवटी अडगळीची खोली. तिथेच एका ओट्यावर चहाची विजेची किटली आणि कप मांडलेले असायचे. पट्टी भिंतीवरून वर माळ्यावर गेली होती.

"वर कोण चढणार?" टिकलीने विचारलं.

"सगळ्यात हलका कोण?" ढब्बू म्हणाला आणि दोघं आपल्याकडेच बघतायत हे पाहून त्याचा चेहरा पडला. "मी काही हलका नाही!"

"पण शूर आहेस."

"हं, हे मात्र खरं," असं म्हणत तो स्टुलावरून माळ्यावर चढला. वरून धूळ पडली, शिंका ऐकू आल्या, पुठ्ठ्याची खोकी सरकली.

"सापडला! ताई, इथे जुना राउटर आहे! ती करडी वायर यातच खोचलीय!"

"दिवे लागलेत का?"

"नाही गं. मेलेला आहे."

टिकलीचा उत्साह मावळला. मेलेलं यंत्र कसं कुणाला छळणार? ढब्बू वर चढताच भुवया कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला परत गेला होता. टिकली मार्गिकेत डोकावली, तर तो काचेच्या दारापलीकडून हातांनी विचारत होता, "काय?" टिकलीने खूण केली, "काही नाही." घड्याळात चार वाजायला आले होते.

अशात आईच आत आली. तिचे डोळे निम्मे मिटलेले होते.

"माळ्यावर काय करतोयस रे? खाली उतर आधी," ती म्हणाली खरी, पण रागवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "चहा घेतल्याशिवाय हात उचलणार नाहीत माझे. तोंडावर पाणी मारून येते."

तिने ओट्यावरचं बटण दाबलं आणि ती गेली. किटली गुरगुरायला लागली.

"ताई!" वरून ढब्बू किंचाळला. "याने डोळे उघडले! हिरवा दिवा! दोन दिवे!"

टिकलीने बटणाकडे पाहिलं. बटणावरून निघालेली एक वायर किटलीकडे जात होती आणि दुसरी वर, माळ्याकडे. ती धावत मार्गिकेत आली. दूर, काचेपलीकडे, भुवया खुर्चीवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"काळी ओळ! सात! जागा झाला!" आणि थोड्या वेळाने, "लाल! पहिली लाल!"

खोल्यांमध्ये बोलणं चालू होतं. ओरडता आलं नसतं, आणि ओरडूनही काचेपलीकडे ऐकू गेलं नसतं. पण हातांना काच आडवी येत नाही. टिकलीला एका क्षणात सगळं उमगलं. कुणीतरी दमतं, चहा ठेवतं. चहाबरोबर तोतया जागा होतो. नेट जातं. नेट गेल्यावर बाकीचे सगळे हुश्श करत चहाला येतात, म्हणून बटण चालूच राहतं! चहा संपतो, बटण बंद होतं, तोवर रिस्टार्टही झालेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं, रिस्टार्टने गुण आला!

आणि आज ते बटण आईनेच दाबलं होतं.

"काय धावाधाव चाललीय?" प्रमुखकाका समोर उभे. "वायरीला हात लावलात ना?"

"नाही, काका!" टिकली मागे वळली, अडगळीच्या खोलीत शिरली आणि तिने खाटकन बटण बंद केलं. किटली गप्प झाली. माळ्यावरचे दिवे विझले. "चहाला हात लावू नका, असं तुम्ही म्हणाला नव्हतात!"

"अगं, तुझी आई एवढी दमलीय, तिचा चहा बंद करतेस?"

टिकलीने बटणावर हात धरून ठेवला. "माहीत आहे, काका. पण चहा नको आता. कॉल संपेपर्यंत नको. नेट गेलं तर आम्ही उद्यापासून येणार नाही, शप्पथ!"

काका काही म्हणणार तेवढ्यात, चार वाजल्यामुळे चहा न घेताच कॉलला बसलेल्या आईचा खोलीतून आवाज आला, "नमस्कार डॉक्टर. हो, दिसतायत मला. बाईंना जरा पुढे बसवा..."

काका दाराशीच थांबले. टिकली बटणापुढे पाठ लावून उभी राहिली. शेजारच्या खोलीतले दुभाषी काका कप घेऊन आले, तर माळ्यावरून उतरलेला ढब्बू हात पसरून दारात आडवा.

"चहा बंद आहे!"

"का रे बाबा?"

"दूध नासलंय!"

"मग कोरा घेतो."

"पाणीपण नासलंय!"

दुभाषी काका रिकामा कप घेऊन परत गेले. प्रमुखकाकांना हसू फुटलं. सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच!

तो कॉल संपता संपत नव्हता. टिकलीचे पाय दुखायला लागले. आतून आईचा आवाज येत होता, हळू, न थांबता. "त्या विचारतायत, बोटं हलतील ना?... त्या विचारतायत, सुई धरता येईल ना?... डॉक्टर, त्या म्हणतायत, परत एकदा सांगा." एकदाही तुटला नाही. मग शांतता झाली. दार उघडलं.

"आत गेली ती," आई म्हणाली. "स्वतःच्या पायांनी. फक्त गाठ, असं तिने मलाच परत दाखवलं. हसली." मग तिने सगळ्यांकडे पाहिलं. "हे काय? किटली कुणी बंद केली?"

आता टिकलीने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. सगळ्या खोल्या रिकाम्या असल्याची खात्री करून प्रमुखकाकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बटण चालू, काळी ओळ. जरा थांबलं, लाल ओळ. बटण बंद, सगळं शांत. काकांनी ते स्वतःच्या हाताने परत करून पाहिलं.

"पण हे पोरं आल्यापासूनच कसं सुरू झालं?" ते स्वतःशीच म्हणाले.

"नवा राउटर कधी बसवला, काका?" टिकलीने विचारलं.

काकांनी डोक्याला हात लावला. "सुट्टी लागली त्याच आठवड्यात!"

नेटवाला या वेळी फोनवर नाही, प्रत्यक्ष आला. यावंच लागलं. माळ्यावरून जुना राउटर काढताना त्याचे कान लाल झाले होते. "जुना काढला नव्हता... म्हटलं, असू दे, अडीअडचणीला. दोघांचा पत्ता एकच ठेवला, म्हणजे बदलायला सोपं. बटण बंद होतं ना, म्हणून लक्षातच राहिलं नाही."

"आणि तो तुम्हाला रोज ओरडून सांगत होता," प्रमुखकाका म्हणाले. "तुम्ही पुसा म्हणालात, मी पुसलं. दोघेही शहाणे!" मग ते मुलांकडे वळले. ड्रॉवरची किल्ली त्यांनी टिकलीच्या हातात दिली. "घ्या तुमचे टॅब. चुकलो मी. वरच्या साहेबांना मी आजच कळवतो, दोष कुणी शोधला ते." थोडं थांबून त्यांनी भुवयाला विचारलं, "शाबास कसं म्हणतात तुमच्यात?"

भुवयाने करून दाखवलं. काकांनी ते इतकं उलटंसुलटं केलं, की भुवयाच्या भुवया केसांत जाऊन पोचल्या.

"काय म्हणालो मी?"

"काही नाही, काका," ढब्बू म्हणाला. "म्हणालात, 'मोठा बटाटा'. पण आम्हाला पोचलं!"

संध्याकाळी बस भरलेली होती. आईला खिडकीशी जागा मिळाली, तिच्याशेजारी टिकलीला. भुवया आणि ढब्बू दांड्याला धरून उभे होते आणि ढब्बू मोकळ्या हाताने भुवयाला माळ्यावरचा पराक्रम पुन्हा सांगत होता. त्यात आता एक उंदीरही आला होता.

"टिकले," आई म्हणाली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. "तुम्ही आज काय केलंत, ते मला नीट सांगायचंय तुम्हाला. पण हात दुखतायत गं. आणि तोंडही."

"मग नको सांगूस."

"असं कसं? सांगणार. घरी गेल्यावर."

तिने टिकलीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुढच्या थांब्याआधीच तिला झोप लागली. टिकलीचेही डोळे मिटत होते. पण उतरायचं ठिकाण चुकायला नको, म्हणून ती पापण्या ताणून, खिडकीबाहेर बघत, ताठ बसून राहिली.